पंधरा सेकंदांतले ठोके

“मॅडम, काचेतून असं नाही दिसत,” डिलेश्वरी म्हणाली.

मी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. प्रयोगशाळेतल्या संगणकासमोर बसून मी नव्या कॅमेऱ्याची सेटिंग्ज लावत होते. शाळेला सूक्ष्मदर्शकाचा यूएसबी कॅमेरा मिळून जेमतेम आठवडा झाला होता. अंगठ्याएवढी काळी नळी. सूक्ष्मदर्शकाचं वरचं भिंग काढायचं, तिथे ही नळी बसवायची आणि वायर संगणकाला जोडायची. आजवर एका वेळी एकाच डोळ्याला दिसायचं ते आता अख्ख्या वर्गाला दिसणार होतं. चाळीस मुलांची रांग लावून, “झालं का, सरक पुढे,” असं ओरडण्यात माझी सोळा वर्षं गेली होती. त्यामुळे या नळीचं मला फार कौतुक होतं.

सेटिंगमध्ये व्हिडिओच्या आकाराची यादी होती. वर ६४० बाय ४८०, मग ८००, मग १२८०, आणि शेवटी १६०० बाय १२००. पहिल्या आकड्यावर चित्र पीठ सांडल्यासारखं दिसे. मी थेट शेवटचा निवडला, आणि पडद्यावर डाफ्निया उमटली. डाफ्निया म्हणजे पाण्यातली पिसू, मोहरीच्या दाण्याहून लहान आणि काचेसारखी आरपार. तिचा काळा डोळा, पोटातलं हिरवं शेवाळ, पाठीशी हलणारं इवलंसं हृदय, सगळं कसं कोरून काढल्यासारखं. वर्गातून “आऽऽ” असा आवाज आला.

“रिझोल्यूशन जेवढं जास्त, तेवढं खरं दिसतं,” मी मुलांना सांगितलं.

“पण मॅडम, ही ढकलत ढकलत चालते,” डिलेश्वरी पुन्हा म्हणाली. “काचेतून पाहिलं तर तिचं काळीज लय जोरात उडते.”

“भिंगाच्या काचेतून तुला अंधुक दिसतं, म्हणून तसं वाटतं. बस खाली.”

ती बसली.

ही गोष्ट दोन हजार अकरा सालच्या सप्टेंबरातली. भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होते. डिलेश्वरी वलथरे नववीत होती. आठ किलोमीटरवरच्या कोसमटोल्याहून सायकलने यायची. तिचे वडील पतिराम ढिवर समाजातले, मासेमारी करणारे. गावच्या तलावाच्या मच्छीमार सोसायटीत होते. पोरगी बोलायला कमी, पण हाताने फार नेटकी. स्लाइडवर पाण्याचा थेंब ठेवून त्यात बुडबुडा न येऊ देता काच टाकणं शिक्षकांनाही जमत नाही. तिला ते पहिल्या दिवशी जमलं होतं.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने स्वतः विषय आणला होता. तलावाला एका बाजूने नाला मिळतो. धानावर तुडतुड्यांसाठी फवारणी झाली की बांधांतलं पाणी त्या नाल्याने तलावात येतं. त्या दिवसांत नाल्याच्या तोंडाशी माशांचं बीज, म्हणजे तलावात सोडलेली पिल्लं, मरतं, असं तिच्या वडिलांचं म्हणणं. सोसायटीतले बाकीचे म्हणत, बीजच खराब आलं असेल. डिलेश्वरीने ठरवलं, की तलावाच्या दोन्ही टोकांचं पाणी आणायचं, त्यातल्या डाफ्नियांच्या हृदयाचे ठोके मोजायचे आणि फरक पडतो का ते पाहायचं. मला विषय आवडला होता. मीच तिला रोज मधल्या सुट्टीत प्रयोगशाळा उघडून देत होते.

तिची मोजायची पद्धत तिची स्वतःची होती. डावा डोळा मिटून उजवा भिंगाला लावायचा, हातात पेन, खाली कागद. मैत्रीण घड्याळ बघून “सुरू” म्हणाली की प्रत्येक ठोक्याला कागदावर एक टिंब मारायचं. पंधरा सेकंदांनी “थांब”. मग टिंबं मोजायची.

कॅमेरा आल्यावर मी म्हटलं, आता हिचे आकडे पडद्यावर पडताळून पाहू. एकदा पक्कं झालं की प्रदर्शनाला फॉर्म पाठवायचा.

तो तास नववी अ चा होता. अख्खा वर्ग प्रयोगशाळेत. डिलेश्वरीने भिंगातून मोजायचं, मग स्लाइड तशीच ठेवून मी भिंगाच्या जागी कॅमेरा बसवायचा आणि पडद्यावरून मोजायचं, असं ठरवलं. पहिली डाफ्निया तलावाच्या चांगल्या बाजूची. डिलेश्वरीची टिंबं भरली बावन्न. मी पडद्यावर पाहिलं. हृदय आरामात आकसत होतं, फुलत होतं. पंधरा सेकंदांत तेवीस.

“पुन्हा मोज,” मी म्हटलं.

तिने पुन्हा मोजलं. बावन्न. पडद्यावर पुन्हा तेवीस.

आम्ही सहा डाफ्निया पाहिल्या, तीन चांगल्या बाजूच्या आणि तीन नाल्याच्या. मी फळ्यावर तिचे आणि माझे आकडे लिहीत गेले. एकही जुळला नाही. त्याहून वाईट म्हणजे तिच्या आकड्यांत नाल्याच्या पाण्यातलं हृदय मंद होतं आणि पडद्यावर तेच जलद होतं. सगळा प्रयोगच उलटा.

मी स्वतः भिंगातून पाहिलं नाही असं नाही. पाहिलं. पण मला नुसती फडफड दिसली. ती कुणाला मोजता येईल यावर माझा विश्वास बसेना. मला वाटलं, ही डोळा भिंगाला लावते आणि हाताच्या लयीत टिंबं मारत सुटते.

“डिलेश्वरी, इकडे ये. पडद्यावर बघ आणि सगळ्यांसमोर मोठ्याने मोज.”

ती उभी राहिली. “एक... दोन... तीन...” वर्गही तिच्याबरोबर मोजू लागला. तेवीसवर थांबले.

“किती झाले?”

“तेवीस.”

“मग बावन्न कुठून आणलेस?”

“मी मोजले, मॅडम.”

“आत्ता तू काय मोजलंस?”

ती पडद्याकडे बघत राहिली. “इथं तेवीसच आहेत,” ती हळू म्हणाली. “पण मी बावन्न मोजले.”

मागून कुणीतरी हसलं. मला राग आला, आणि आज खरं सांगायचं तर तो तिच्यापेक्षा माझ्यावरच होता. मी मुख्याध्यापकांना सांगून ठेवलं होतं, की या वर्षी आपला प्रयोग जिल्ह्याला जाणार.

“खोटे आकडे लिहायला विज्ञान लागत नाही,” मी म्हटलं. “नुसतं पेन पुरतं.”

आता अख्खा वर्ग हसला. डिलेश्वरीने टिंबांचे कागद गोळा केले, माझ्या टेबलावर ठेवले आणि जागेवर जाऊन बसली. रडली नाही. ती रडली असती तर कदाचित मी थोडी नरमले असते.

प्रदर्शनाला आम्ही ठिबक सिंचनाचं मॉडेल पाठवलं.

तिसऱ्या दिवशी शिक्षकखोलीच्या दाराशी एक माणूस येऊन उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला, पायात स्लीपर. आत या म्हटलं तरी उंबऱ्यावरच थांबला.

“मी डिलूचा बाप, मॅडम. पतिराम वलथरे.”

“बसा ना.”

“नाई जी, उभाच बरा हाये.” त्याने गमछा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “पोरगी घरी काई सांगत नाई. शेजारच्या पोरी म्हनतात का तिनं साळंत खोटं लिहिलन. खरं हाये का?”

मी सभ्यपणे सांगितलं. आम्ही तिचे आकडे यंत्राने तपासले, ते जुळले नाहीत. मूल आहे, उत्साहाच्या भरात होतं असं. तुम्ही तिला मारू नका.

“मारत नाई जी. तिले कदी हात नाई लावला.” त्याने मान हलवली. “मी दुसऱ्याच कामानं आलो. तिनं मले सांगतलं होतं, का नाल्याकडचं पानी खराब हाये, बाबा, बीज तिकडं सोडू नको. आता सोसायटीचं दुसरं बीज मंगळवारी येते. गाडी नाल्याकडूनच तलावाले लागते. दुसऱ्या आंगाले सोडाचं म्हटलं तर डोक्यावर वाहून न्या लागते. लोक ऐकत नाईत. म्हनून म्हटलं, मॅडमले इचारून येतो.”

तो माझ्याकडे बघत होता. आठ किलोमीटर सायकल मारून आलेला माणूस, आणि उत्तर मिळेपर्यंत तो हलणार नव्हता.

“त्या आकड्यांवर जाऊ नका,” मी म्हटलं. “आमच्या कॅमेऱ्यात तर उलट दिसलं. नाल्याकडच्या पाण्यात काही बिघडलेलं दिसत नाही.”

“बरं जी,” तो म्हणाला. हात जोडून गेला.

डिलेश्वरी शाळेत येत होती. वर्गात बसत होती, वहीत उतरवून घेत होती. मधल्या सुट्टीत मात्र प्रयोगशाळेकडे फिरकत नव्हती. मी एकदा मुद्दाम प्रश्न विचारला. तिला उत्तर येत होतं हे मला ठाऊक होतं. ती उभी राहिली आणि “मले नाही माहीत” म्हणून खाली बसली.

नवव्या दिवशी, शुक्रवारी, मुख्याध्यापकांनी विज्ञान प्रदर्शनाचा अहवाल मागितला. ठरलेला प्रयोग रद्द का केला त्याचं कारण लिहायचं होतं. शेवटचा तास मोकळा होता. मी टिंबांचे कागद काढले, फळ्यावरून उतरवून ठेवलेले माझे आकडे काढले आणि दोन्हींचा तक्ता करायला घेतला. डावीकडे तिचे, उजवीकडे कॅमेऱ्याचे.

बावन्न, तेवीस. चौपन्न, एकवीस. एक्कावन्न, चोवीस.

मग नाल्याकडचे. त्रेचाळीस, बत्तीस. एकेचाळीस, तेहतीस. चव्वेचाळीस, बत्तीस.

तक्त्याखाली सरासरी काढायची म्हणून मी बेरजा करत होते. चुकून उभी बेरीज करण्याऐवजी आडवी केली. बावन्न आणि तेवीस, पंच्याहत्तर. पेन थांबलं. चौपन्न आणि एकवीस, पंच्याहत्तर. एक्कावन्न आणि चोवीस, पंच्याहत्तर. मी भराभर खाली गेले. पंच्याहत्तर, चौऱ्याहत्तर, शहात्तर.

खोटं लिहिणाऱ्याचे आकडे माझ्या आकड्यांशी असे कसे बांधलेले असतील? तिने तर तिचा प्रत्येक आकडा मी मोजायच्या आधी सांगितला होता.

मी कागद घेऊन कापगते सरांकडे गेले. ते भौतिकशास्त्र शिकवायचे, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तक्ता डोळ्यांजवळ धरला.

“पंधरा सेकंद मोजले ना? कॅमेरा सेकंदाला किती चित्रं घेतो, मॅडम?”

“म्हणजे?”

“व्हिडिओ म्हणजे भराभर काढलेले फोटोच. सेकंदाला किती?”

मला ठाऊक नव्हतं. आम्ही प्रयोगशाळेत गेलो. त्यांनी यादी उघडली. १६०० बाय १२०० च्या पुढे बारीक अक्षरांत पाच हा आकडा होता. ६४० बाय ४८० च्या पुढे तीस. नऊ दिवसांपूर्वीही तो तिथेच असणार. मी फक्त मोठ्या आकड्याकडे पाहिलं होतं.

“चित्र मोठं केलं की वायरीतून एका सेकंदात कमी चित्रं जातात,” कापगते सर म्हणाले. “सेकंदाला पाच, म्हणजे पंधरा सेकंदांत पंच्याहत्तर. झालं तर मग.”

“काय झालं? मला समजेल असं सांगा.”

ते स्टुलावर बसले. “असं बघा. एक माणूस देवळाला प्रदक्षिणा घालतोय. एक फेरी पाच मिनिटांची. तुम्ही दर चार मिनिटांनी एक फोटो काढता. पहिल्या फोटोत तो दारात. दुसऱ्यात त्याची फेरी अजून पुरी झालेली नाही, तर तो दाराच्या जरा अलीकडे. तिसऱ्यात आणखी अलीकडे. आता हे फोटो एकामागून एक लावून बघा. माणूस काय करताना दिसेल?”

“उलटा चालताना,” मी म्हटलं. “आणि फार हळू.”

“बस. हृदय सेकंदाला साडेतीनदा उडतंय आणि तुम्ही पाचदाच बघताय. पंच्याहत्तरातून खरे ठोके वजा केले की जे उरतं, तेवढंच तुम्हाला पडद्यावर दिसलं. म्हणून खरं जितकं जलद, तितकं तुम्हाला मंद. पोरीचे आकडे बरोबर आहेत, मॅडम. एखाददुसऱ्या टिंबाचा काय तो फरक.”

बाटलीत थोडं पाणी उरलं होतं. मी एक डाफ्निया स्लाइडवर घेतली आणि सर्वांत लहान आकडा निवडला. चित्र पिठूळ झालं. शेवाळ ओळखू येईना, डोळा नुसता काळा ठिपका. पण पाठीशी हृदय फडफडत होतं, भिंगातून दिसलं होतं अगदी तसं. मी पेन घेतलं आणि टिंबं मारत गेले. सर घड्याळ बघत होते. एकोणपन्नास भरली. मग एक्कावन्न.

“कॅमेऱ्याचा दोष,” सर समजुतीने म्हणाले. “तुम्ही काय करणार?”

 माझ्या मनात आणखी एक गोष्ट चालली होती. मंगळवार. मंगळवार होऊन तीन दिवस झाले होते.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी स्कूटी काढून कोसमटोल्याला गेले. तलाव मोठा होता, मधोमध शिंगाड्याचे वेल पसरलेले. नाल्याच्या तोंडाशी चार-पाच माणसं पाण्यात उतरली होती, आणि काठावर फ्रॉक घातलेली डिलेश्वरी हाताने ओढायचं लहान जाळं घेऊन उभी होती. बोटाएवढी पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगत होती. ती जाळ्याने गोळा करून डिलेश्वरी एका टोपलीत टाकत होती.

मला बघून तिने जाळं खाली ठेवलं आणि गुडघ्यापर्यंत चिखलात असूनही पाय जुळवून उभी राहिली.

“नमस्ते, मॅडम.”

पतिराम पाण्यातून वर आला. मी त्याला सगळं सांगितलं. देवळाची प्रदक्षिणा, पाच चित्रं, पंच्याहत्तर. त्याला किती कळलं ठाऊक नाही. तो गमछ्याने हात पुसत ऐकत होता.

“म्हनजे डिलूचं बरोबर होतं,” तो शेवटी म्हणाला.

“हो. तिचं बरोबर होतं. आणि तुम्ही विचारायला आलात तेव्हा मी तुम्हाला चुकीचं सांगितलं.”

तो तलावाकडे बघत राहिला.  सोसायटीतली बाकीची माणसं पाण्यात उभी राहून आमच्याकडे बघत होती. त्यांनी काहीही म्हटलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं.

“अर्धं वाचलं जी,” तो म्हणाला. “जे खोलात गेलं ते वाचलं.” मग लेकीकडे वळून म्हणाला, “डिलू, मॅडमले चहा सांग मायले.”

डिलेश्वरी हलली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि पहिल्यांदाच मान वर करून.

“मॅडम,” ती म्हणाली, “तुम्ही वर्गात म्हणाले होते.”

“हो.”

एवढंच. पुढचं तिला म्हणायची गरज नव्हती.

सोमवारी प्रार्थनेनंतर मी मुख्याध्यापकांकडून दोन मिनिटं मागून घेतली. मैदानावर साडेचारशे मुलं रांगेत उभी होती. मी माइकसमोर गेले. रविवारी बसून मी चार वाक्यं लिहून काढली होती, ती वाचली. नववी अ मधल्या डिलेश्वरी वलथरेच्या प्रयोगात तांत्रिक कारणामुळे गैरसमज झाला होता. कॅमेऱ्याच्या वेगामुळे पडद्यावर चुकीचे आकडे दिसले. तिचे आकडे बरोबर होते. शाळेला तिचा अभिमान आहे.

टाळ्या वाजल्या. मी कागद घडी करून मागे सरले. कापगते सरांनी बरं केलंत अशी मान हलवली.

मग मला नववी अ ची रांग दिसली. पोरं टाळ्या वाजवत होती, पण ती तिच्याकडे वळून नव्हे, माइककडे बघून, प्रार्थनेनंतर कुठल्याही सूचनेला वाजवतात तशी. आणि डिलेश्वरी जमिनीकडे बघत होती. त्या दिवशी वर्गात बघत होती तशीच.

गैरसमज झाला. कुणाचा झाला? माझ्या चारही वाक्यांत मी कुठेच नव्हते.

शिक्षक मुलांना वर्गात पाठवायच्या बेतात होते. मी पुन्हा माइक धरला.

“थांबा,” मी म्हटलं. “मी आत्ता पूर्ण सांगितलं नाही.”

 मुख्याध्यापक माझ्याकडे बघू लागले.

“कॅमेऱ्याची चूक नव्हती. कॅमेऱ्याचा वेग किती हे त्याच्या यादीत लिहिलेलं होतं, मी ते वाचलं नाही. मला चित्र स्वच्छ दिसत होतं, तेवढ्यावर मी समाधानी होते. डिलेश्वरीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की हे बरोबर चालत नाहीये. मी तिला खाली बसवलं. नंतर सगळ्या वर्गासमोर मी तिला खोटारडी ठरवलं, आणि तुम्ही हसलात, कारण मी तुम्हाला हसायला लावलं. ती खोटं बोलली नव्हती. मी चुकले. डिलेश्वरी, मला माफ कर.”

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. कुणाला काय करायचं ते कळेना. नववी अ च्या रांगेत सगळ्या माना तिच्याकडे वळल्या होत्या. तिच्या पुढे उभ्या असलेल्या मुलीने मागे हात करून तिचा हात धरला.

नंतर मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावून सांगितलं, की मॅडम, मुलांसमोर इतकं बोलायची गरज नव्हती, शिक्षकाचा वचक राहत नाही. मी हो म्हटलं. वचक खरंच थोडा गेला असावा. त्यानंतर नववी अ ची मुलं मला अडवू लागली. “मॅडम, हे कशावरून?” असं विचारू लागली, आणि कधीकधी त्यांच्यापुढे माझी त्रेधा उडू लागली.

प्रदर्शनाची तारीख निघून गेली होती. डिलेश्वरी पुढच्या वर्षी गेली. परीक्षकांनी विचारलं, हाताने टिंबं का मारतेस, कॅमेऱ्याने का नाही मोजत? तिने त्यांना दहा मिनिटं समजावून सांगितलं. रांग खोळंबली. तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. त्या वर्षापासून कोसमटोल्याची सोसायटी बीज डोक्यावरून वाहून दुसऱ्या आंगाला सोडू लागली, असं पतिरामने मला एकदा बाजारात सांगितलं.

बारावीचा निकाल लागला त्या दिवशी ती पेढे घेऊन माझ्या घरी आली. उंच झाली होती, बोलकी झाली होती. नागपूरला मत्स्यविज्ञानाच्या पदवीला अर्ज भरणार म्हणाली. बोलता बोलता तो विषय निघाला. तिनेच काढला, हसत हसत.

“तुम्हाला एक सांगितलं नव्हतं, मॅडम. ते नऊ दिवस मी काय करत होती ते.”

“काय करत होतीस?”

“रोज सकाळी मायचं मनगट धरून बसत होती. पंधरा सेकंद, टिंबं मारत. आपल्याला मोजताच येत नाही का, ते पाहत होती. मग शाळेत येताना मायला दवाखान्यात नेत होती. तिथल्या नर्सबाईंना म्हणे, हिची नाडी बघून द्या. चार-पाच दिवस त्यांनी दिली बघून. मग त्या चिडल्या. म्हणाल्या, हिला काही झालेलं नाही, रोज काहून आणतेस?”

मीही हसले. “मग? जुळले आकडे?”

“जुळले ना. रोज जुळले.”

“मग तेव्हाच का नाही येऊन सांगितलंस मला?”

ती पेढ्यांचा डबा बंद करत होती. झाकण नीट बसेना, ती ते दाबत राहिली.

“जुळत होते मॅडम, तरी मला वाटे, मीच खोटी असेन,” ती म्हणाली. “मॅडम खोटं काहून बोलतील?”